लाव्यांचा घास आमच्या परसातून

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी लाव्यांच्या खाद्याची गोण उघडली आणि कुबट वास नाकात गेला. ५० किलोची गोण, निम्मी संपलेली, निम्मी शिल्लक. हात घातला तर तळाशी गुठळ्या झालेल्या. कुडाळ तालुक्यातल्या आमच्या गावात त्या दिवसांत डब्यातला पापडसुद्धा मऊ पडतो. वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारा हा मुलूख. ४० पक्षी दिवसाला किलोभर खातात, म्हणजे एक गोण ५० दिवस चालायची. पण पावसाळ्यात ती ५० दिवस टिकत नाही हे मला त्या सकाळी कळलं. लाव्यांसाठी म्हणून वेगळं खाद्य तालुक्यात मिळत नव्हतंच. आम्ही ब्रॉयलर कोंबडीचं खाद्य आणत होतो.

गोण उकिरड्यात टाकताना परसाकडे नजर गेली. शेवग्याचं झाड पाल्याने वाकलेलं, गिरणीतून आलेलं तांदळाच्या कणीचं पोतं ओट्यावर, कणगीत गेल्या सालची नाचणी, माळ्यावर कुळीथ. एवढं सगळं घरात असताना पक्ष्यांचं खाणं परजिल्ह्यातून गाडीने यावं हे मला पटेना. त्या दिवशी ठरवलं की यांना घरचंच घालायचं.

लावे घरी आले होते एप्रिलमध्ये. कोल्हापूरकडच्या एका उबवणी केंद्रातून तीन आठवड्यांची पिल्लं आणली. त्या वयात छातीच्या पिसांवरून नर-मादी ओळखता येतात. नराची छाती तांबूस, मादीच्या छातीवर काळे ठिपके. ३० माद्या, १० नर ठेवले. हे जपानी लावे. आपल्या रानात, काजूच्या बागांत पायाखालून भर्रकन उडतात ते लावे वेगळे. रानातल्यांना पकडायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. गावातल्या दोन-तीन जाणत्यांनी काळजीने विचारलं होतं, म्हणून हे आधी सांगते. आमचे पक्षी पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले. अंडी उबवणंही ते विसरलेत, मादी अंडं घालते आणि निघून जाते.

मेच्या शेवटी, सातव्या आठवड्यात पहिलं अंडं दिसलं. जूनअखेर रोज २४-२५ अंडी मिळत होती. तपकिरी ठिपक्यांची, सुपारीहून थोडी मोठी. शेजारच्या वाडीतल्या बाळंतिणीसाठी, शाळेतल्या मुलांसाठी लोक मागून नेत. असं सगळं नीट चाललं असताना मी खाद्य बदललं, आणि एका दिवसात बदललं.

कणी दोन भाग, नाचणी एक भाग, वरून चिरलेला शेवग्याचा पाला आणि परसातली घोळीची भाजी. पक्षी तुटून पडले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, पिंजऱ्यापाशी बसून समाधानाने बघत होत्या. ब्रॉयलरच्या खाद्याबद्दल त्यांचं मत पहिल्यापासून वाईट होतं. म्हणाल्या, "लावो तो लावोच गो. रानात त्येका कोण गोणी आणून घालता?"

मला ते अगदी खरं वाटलं. नाचणीवर तर माझा फार भरवसा होता. हाडं बळकट करणारं धान्य, लहानपणापासून आंबिल पीत आलो आपण. अंड्याच्या कवचाला कॅल्शियम लागतं आणि ते नाचणीत भरपूर, एवढं मला ठाऊक होतं.

चौथ्या दिवशी अंडी १९ वर आली. आठव्या दिवशी ११. बाराव्या दिवशी सहा अंडी मिळाली, त्यातली दोन कवचाविना, नुसत्या पातळ पापुद्र्यातली, हातात घेतली की लिबलिबीत. त्याहून वाईट म्हणजे माद्या एकमेकींची पिसं उपटू लागल्या. एकीच्या डोक्यावर रक्त दिसलं. खाणं समोर भरलेलं होतं, पोटं टम्म होती, आणि तरी त्या भुकेल्यासारख्या एकमेकींना टोचत होत्या. रात्री मला झोप लागली नाही. जिवंत प्राण्यावर आपण काहीतरी करून बसलो आहोत आणि काय ते कळत नाही, ही फार वाईट अवस्था असते.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावातल्या एका काकांना बोलावलं. ते पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. आल्या आल्या त्यांनी औषधाचं काही विचारलं नाही, स्वयंपाकघरातला वजनकाटा मागितला. आधी एक अंडं ठेवलं, साडेदहा ग्रॅम. मग एक मादी पिशवीत घालून, १९० ग्रॅम. मग मला विचारलं, "तुमची गावठी कोंबडी केवढी?" म्हटलं, दीड किलो. "तिचं अंडं?" पन्नासेक ग्रॅम.

"मग बघ बाय," ते म्हणाले, "कोंबडी स्वतःच्या वजनाच्या तीन टक्क्यांएवढं अंडं घालते. ही घालते साडेपाच टक्के. आणि रोज घालते. रानातला लावा वर्षात घालतो एखाद-दुसऱ्या वेळची अंडी, तीही किडे-मुंग्या मुबलक असतात तेव्हाच. तुझा पक्षी रानातला नाही, त्याचं ताट रानातलं कसं चालेल?"

मग त्यांनी दिनदर्शिकेचं जुनं पान उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. तो कागद अजून माझ्याकडे आहे. अंडी देणाऱ्या मादीला रोज साधारण २५ ग्रॅम खाणं लागतं आणि त्यात २० टक्के प्रथिनं हवीत, म्हणजे पाच ग्रॅम. कणीत प्रथिनं सुमारे आठ टक्के, नाचणीत सात. माझ्या मिश्रणातून तिला जेमतेम दोन ग्रॅम मिळत होती. उरलेल्या तीन ग्रॅमसाठी ती अंगातलं काढून देत होती, आणि ते संपल्यावर अंडी थांबली. पिसं म्हणजेही प्रथिनंच. शेजारणीची पिसं ती का उपटत होती, याचं उत्तर तिथे होतं.

नंतर नाचणी. १०० ग्रॅम नाचणीत कॅल्शियम असतं साधारण ३४४ मिलिग्रॅम. सगळ्या धान्यांत हे खरंच जास्त आहे, माणसाला उपयोगी आहे. पण लाव्याच्या एका अंड्याच्या कवचातच ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जातं, आणि खाल्लेलं सगळं काही अंगी लागत नाही, म्हणून मादीच्या पोटात दिवसाला ६०० मिलिग्रॅम तरी जायला हवं. २५ ग्रॅम निव्वळ नाचणी खाल्ली तरी मिळणार ८६. आकडा कागदावर उतरला तेव्हा मी बराच वेळ काही बोलले नाही. सासूबाईही गप्प होत्या. मग त्याच म्हणाल्या, "शिंपले घाल मगे. म्हायेरात आमी कोंबड्यांका घालू."

त्यांचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. खाडीकाठच्या घरांत तिसऱ्या, मुळे, कालवं खाऊन झाल्यावर शिंपल्यांचा ढीग परसात पडलेला असतो. त्यांच्या भाच्याने पुढच्या आठवड्यात एक पोतं भरून पाठवलं. ते धुतले, उन्हात वाळवले, चुलीच्या निखाऱ्यावर थोडे शेकले आणि उखळात कुटले. शेकल्याने ते ठिसूळ होतात. मात्र फार भाजायचे नाहीत, कारण जास्त आच लागली की त्यांची चुनकळी होते आणि ती पक्ष्याचं तोंड, अन्ननलिका भाजते. कुटून जाड रव्याएवढे करायचे. पीठ केलं तर ते भांड्याच्या तळाशी बसतं आणि पक्षी उचलत नाहीत. हे शिंपले खाद्यात घालतेच, शिवाय वेगळ्या वाटीत ठेवते. नर त्या वाटीकडे फिरकत नाहीत. माद्या संध्याकाळी येतात, कारण कवच रात्री पोटात तयार होत असतं. आपली गरज त्यांना बरोबर कळते, हे बघणं मला अजूनही आवडतं.

काकांच्या सांगण्यावरून अर्धं विकतचं आणि अर्धं घरचं असं पुन्हा सुरू केलं, आणि घरच्या भागात प्रथिनं भरायला लागले. पहिला विचार कुळथाचा आला. कुळथात २२ टक्के प्रथिनं. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर कोकणात कुळीथ पेरतात, पाणी लागत नाही, खत लागत नाही. मी कच्चं कुळीथ भरडून घातलं आणि दोन दिवसांत विष्ठा पातळ झाली. कच्च्या कडधान्यांत पचनाला अडवणारी द्रव्यं असतात, ती उष्णतेने जातात. सोयाबीनचंही तेच. आपण पिठीसाठी कुळीथ आधी खमंग भाजतो, मगच दळतो. तेच लाव्यांना लागू होतं. तेव्हापासून पिठीचं आणि लाव्यांचं कुळीथ एकाच कढईत भाजलं जातं. आमचं बारीक दळायचं, त्यांचं जाडसर भरडायचं.

पण नुसत्या कुळथाने भागत नाही. कडधान्यांत मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, कमी असतो आणि पिसांना, अंड्यांना तो फार लागतो. तो मासळीत मिळतो. कोकणात राहून मासळीची काय वाण! सुका जवळा मी मे महिन्यातच भरून ठेवते, कारण १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि नंतर भाव चढतात. जवळा घ्यायचा तो मीठ न लावलेला, नुसता उन्हात वाळवलेला. खारवलेल्या मासळीची डोकी, शेपट्या फुकट मिळतात म्हणून पक्ष्यांना घालायचा मोह होतो, पण मीठ एवढ्याशा जिवाला झेपत नाही. तिकडे मी गेलेच नाही. जवळा सुपात पाखडून वाळू काढायची, तव्यावर किंचित गरम करायचा, चुरायचा. त्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं.

तो मी सुरुवातीला सढळ हाताने घातला. अंडी भराभर वाढली, दहा दिवसांत १७ वर गेली. मग एका दुपारी सासूबाईंनी उकडलेलं अंडं तोंडात घातलं आणि म्हणाल्या, "अंडा खातंय की जवळो?" मी खाऊन बघितलं. खरंच वास होता. बलकात मासळीचा वास उतरतो. प्रमाण दर दहा किलोला दीड किलो होतं, ते निम्म्याहून खाली आणलं. आठवड्याने वास गेला.

वर्षभर कमी-जास्त करत जे मिश्रण ठरलं ते लिहून ठेवते, कारण मला सुरुवातीला हेच कोणी सांगितलं असतं तर त्या बारा दिवसांचे हाल वाचले असते. दहा किलोसाठी कणी दोन किलो, नाचणी एक किलो ४०० ग्रॅम, भाजून भरडलेलं कुळीथ अडीच किलो, घाण्यावरची खोबऱ्याची पेंड दीड किलो, शेंगदाण्याची पेंड एक किलो, जवळा ७०० ग्रॅम, सावलीत वाळवलेला शेवग्याचा पाला ३०० ग्रॅम आणि शिंपल्यांचा रवा ६०० ग्रॅम. कागदावर प्रथिनं २० टक्के येतात. कणी, नाचणी, कुळीथ, शेवगा घरचा. खोबरं आमच्याच माडांचं, घाण्यावर तेल काढून घेतलं की पेंड परत मिळते. शेंगदाण्याची पेंड, जवळा आणि वाण्याकडचं किरकोळ एवढंच विकतचं. नदीतली जाड वाळू धुऊन एका थाळीत ठेवते. पक्ष्याला दात नाहीत, त्याच्या पोटातली गिरणी त्या खड्यांवर चालते. बारीक वाळूची दुसरी परात अंघोळीला. त्यात लोळताना ते इतके सुखावतात की काम सोडून उभं राहावंसं वाटतं.

भांड्याबद्दल एक सांगायला हवं. लावे खाणं उकरून, मानेच्या झटक्याने बाहेर फेकतात आणि आवडीचा दाणा शोधतात. घरच्या मिश्रणात दाणे वेगवेगळे असल्यामुळे ही खोड जास्त दिसते. कोणी नुसता जवळा खाई, कोणी नुसती कणी. आता सगळं जाडसर भरडून, हबक्याने ओलावा येईल एवढं पाणी शिंपडून मिसळते म्हणजे चुरा दाण्याला चिकटतो, आणि भांड्यात खाद्यावर जाळीचा तुकडा टाकते. ओलं केलेलं दुपारपर्यंत संपलं पाहिजे, उरलं तर काढून टाकायचं.

अझोलाबद्दलही, म्हणजे पाण्यावर तरंगत वाढणाऱ्या त्या बारीक नेच्याबद्दल, खूप ऐकलं होतं. परसात माडाच्या सावलीत दोन मीटर बाय एक मीटरचा खड्डा केला, प्लॅस्टिकचा कागद अंथरला, चाळलेली माती, दोन किलो ताजं शेण, थोडं सुपर फॉस्फेट, वीतभर पाणी. पंधरा दिवसांत हिरवागार थर आला. लावे आनंदाने खातात. पण हा आनंद बघून मी खाद्य कमी करायला निघाले होते, तेव्हा पुन्हा तो कागद काढला. ओल्या अझोलात शंभरात ९४ भाग पाणी. रोज ४०० ग्रॅम काढलं तर कोरडं होतं २४ ग्रॅम, त्यात प्रथिनं पाच-सहा ग्रॅम. म्हणजे ४० पक्ष्यांना वाटलेल्या सगळ्या अझोलातून एका पक्ष्याची एका दिवसाची गरज भागते. तेव्हापासून अझोला आमच्याकडे भाजीच्या जागी आहे, भाताच्या जागी नाही. बलकाचा रंग त्याने सुरेख गडद होतो, पक्षी तजेलदार दिसतात. तेवढ्यासाठी तो खड्डा मी मोडणार नाही. पावसात मात्र त्यावर छप्पर हवं, नाहीतर एका रात्रीत सगळा अझोला वाहून गटारात जातो. आमचा एकदा गेला.

किड्यांचा मार्ग जास्त लाभाचा ठरला. आधी वाळवी. मडक्यात ओलं गवत आणि शेण भरून वारुळावर रात्रभर उपडं ठेवलं की वाळवी त्यात चढते आणि सकाळी झटकून घेता येते, असं काका म्हणाले. मी मडकं घेऊन निघाले तर सासूबाई दारात आडव्या आल्या. "वारुळाक हात लावूचो नाय." नागपंचमीला त्या वारुळालाच पूजा वाहतात. त्यांचं म्हणणं मी मानलं आणि अजून मानते. मडकं कुजलेल्या झावळ्यांच्या ढिगावर ठेवलं. तिथेही वाळवी येते, थोडी कमी येते. जूनमधला पहिला मोठा पाऊस पडून गेला की संध्याकाळी पंखांची वाळवी दिव्यावर झेपावते, तेव्हा बल्बखाली पाण्याची परात ठेवते. तासाभरात परात भरते. सकाळी ती गाळून पिंजऱ्यात टाकली की जो कालवा होतो तो शेजारच्या घरापर्यंत ऐकू जातो.

हे झालं पाहुणचाराचं खाणं, रोजचं नव्हे. रोजच्यासाठी दुसऱ्या वर्षी फणसाच्या दिवसांत काळ्या सैनिक माशीच्या अळ्या धरल्या. फणसाची सालपटं, भाताची पेज, भाजीचे देठ हे सगळं तळाला भोकं पाडलेल्या पिंपात टाकायचं, वर पुठ्ठ्याच्या पन्हाळीदार तुकड्यांची गड्डी टांगायची. ही माशी काळी, लांबट, गांधीलमाशीसारखी दिसते, पण चावत नाही आणि अन्नावरही बसत नाही. पुठ्ठ्याच्या फटीत अंडी घालते. अळ्या दोन-तीन आठवड्यांत पोसतात आणि कोषात जायच्या आधी स्वतःहून कोरड्या जागेकडे चढतात. पिंपाला आतून तिरकी फळी लावली की फळीच्या टोकाखालच्या डब्यात त्या आपोआप पडतात. गरम पाण्यातून काढून घालते. २०० ग्रॅम ओल्या अळ्यांत पाच-सहा पक्ष्यांची दिवसाची प्रथिनं असतात, वर चरबी आणि कॅल्शियमही. घरच्यांना सुरुवातीला शिसारी आली. पिंप गोठ्यामागे नेलं, वास येऊ नये म्हणून वर नारळाचा भुसा टाकत गेले. आता माझा मुलगाच डबा रिकामा करून आणतो.

सगळं बसत आलं होतं. आणि मग दुसऱ्या पावसाळ्यात मी पाच पक्षी गमावले.

मेमध्ये तेल काढलं तेव्हा २० किलो खोबऱ्याची पेंड एकदम मिळाली होती. पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून ठेवली. जुलैमध्ये डब्याच्या कडेला हिरवट पावडर दिसली. मी वरचा थर काढून टाकला, खालची पेंड तव्यावर भाजली आणि वापरली. वासही नव्हता, रंगही ठीक होता. आठवड्याभरात पक्षी पिसं फुगवून बसू लागले, खाणं सुटलं, विष्ठा हिरवी. पाचव्या पक्ष्यानंतर पशुवैद्यांकडे गेले. त्यांनी एक उघडून दाखवला. यकृत पिवळसर, फिकट, सुजलेलं. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन. शेंगदाणा, मका, खोबरं यांवर वाढणारी ही बुरशी डोळ्यांना दिसते तेवढीच नसते, आणि तिचं विष भाजून-उकडून जात नाही. मी भाजलं तेव्हा बुरशी मेली असेल, विष तसंच राहिलं होतं.

ज्या गोणीच्या कुबट वासामुळे मी हे सगळं सुरू केलं, तीच चूक माझ्याच घरच्या डब्यात झाली. त्या गोणीचा वास मला आला होता आणि मी ती टाकून दिली होती. घरच्या पेंडीवर मी जास्त विश्वास ठेवला, कारण खोबरं आमचं होतं. अजून त्या पाच पक्ष्यांची आठवण आली की छातीत कळ येते.

आता १५ जून ते दसरा दोन्ही पेंडी बंद. त्या काळात कुळीथ साडेतीन किलोपर्यंत वाढवते, जवळा किलोभर करते आणि अळ्या रोज घालते. जवळ्याचा वास बलकात उतरेल म्हणून सासूबाईंनी पावसाळाभर अंडी चाखून बघायचं काम स्वतःकडे घेतलं आहे, आणि एक किलोपर्यंत त्यांनी तक्रार केलेली नाही. पेंड उरली तर गाईलाही घालत नाही, शेतात खत म्हणून पसरते. खाद्य एकावेळी आठवड्याचंच भरडते. कोळशाची शेगडी पेटवून तिच्या उबेला कणी, कुळीथ टोपल्यांत पसरून दोन-तीन तास ठेवते, मगच डब्यात भरते.

एक गोष्ट घरच्या खाद्यावर मला जमलेली नाही आणि ती मी करतही नाही. अंडी यंत्रात उबवली की १७-१८ दिवसांत पिल्लं निघतात, सात-आठ ग्रॅमची, अंगठ्याच्या पेराएवढी. पहिला आठवडा त्यांना ३५ अंशांच्या पुढची ऊब लागते, पाण्याच्या थाळीत गोट्या टाकाव्या लागतात नाहीतर त्यात बुडून मरतात, आणि खाण्यात २४ टक्क्यांच्या पुढे प्रथिनं लागतात. एका वेतात घरचंच मिश्रण बारीक करून घातलं. जगली सगळी, पण तिसऱ्या आठवड्यात काही ६० ग्रॅमची आणि काही १०० ची, पिसं विरळ. वाढीच्या त्या तीन आठवड्यांत जे राहतं ते नंतर सहज भरून निघत नाही. तेव्हा पिल्लांसाठी कोंबडीच्या पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य मी विकत आणते, पाच किलोची सुटी पिशवी, ताजी. चौथ्या आठवड्यापासून दहा दिवस दोन्ही मिसळत मिसळत घरच्यावर आणते. खाद्य एका दिवसात बदलायचं नाही, हे आता हाताला लागलेलं वळण आहे.

आज २९ माद्या आहेत. रोज २०-२१ अंडी मिळतात. थंडीत दिवस लहान झाला की संध्याकाळी दिवा लावून उजेड १५ तासांपर्यंत नेते, वीज गेली की दोन-चार दिवस अंडी घटतात. गोणीवर होते तेव्हा याहून तीन-चार अंडी जास्त मिळत, हे मी मान्य करते. ती तीन-चार अंडी मला नको आहेत. कवचं मात्र आताची जास्त टणक आहेत, मोडून बाद होणारं अंडं आठवड्यात एखादंच.

गेल्या साली कुळीथ फेब्रुवारीतच संपत आलं आणि शेवटी विकत घ्यावं लागलं. म्हणून या खेपेला भात कापल्या कापल्या वरच्या दोन कुणग्यांत, म्हणजे शेताच्या तुकड्यांत, जिथे नुसतं गवत वाढायचं, तिथेही पेरलं आहे. परवा जाऊन बघितलं, वीतभर झालंय. सासूबाई बांधावर बसून म्हणाल्या की यातलं अर्धं पिठीला हवं, सगळं लाव्यांना नाही. मोजून निम्मं निम्मं करायचं ठरलं आहे.